योग शिकवणाऱ्याचा कागद पाहावा की काम?

नांदेडमधील आमच्या वस्तीतल्या विहारात गेल्या काही महिन्यांपासून पहाटे साडेपाचला महिलांचा योगवर्ग भरतो. शिकवणारी मुलगी वस्तीतलीच. डी. एड. झाली, नोकरी लागली नाही, म्हणून मुलांच्या शिकवण्या घेते. लातूरला मावशीकडे राहून शिकत असताना तिने तिथल्या एका वर्गात योगासने शिकली आणि पुढे नेमाने चालू ठेवली. विहारातल्या वर्गाची ती फी घेत नाही.

वर्गाला पंधरा-वीस बाया येतात. कुणी चार घरची धुणीभांडी करते, कुणी भाजीची पाटी डोक्यावर वाहते, कुणी दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली असते. "गुडघे दुखायलेत, खाली बसलं की उठता येईना," हे पहिल्याच दिवशी निम्म्या जणींनी सांगितले. तेव्हा या मुलीने विहारातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मांडी घालता येत नाही तिने खुर्चीवर बसावे, हात पायापर्यंत पोचत नाही तिने जुन्या लुगड्याचा पट्टा तळपायाला अडकवून धरावा, पाठ टेकायला वाकळेची घडी घ्यावी, तोल जातो तिने भिंतीचा आधार घ्यावा, अशी तिची पद्धत. सूर्यनमस्काराचे मंत्र तिने काढून टाकले. त्याऐवजी ती एक, दोन, तीन असे आकडे मोजते.

मागच्या महिन्यात एका रविवारी वंदनेनंतर या वर्गावरून वाद झाला. शहरात बऱ्याच वर्षांपासून योगवर्ग चालविणारे एक गुरुजी पाहुणे म्हणून आले होते. माणूस सज्जन. पण त्यांनी स्पष्टच सांगितले, "या मुलीकडे कसलेही प्रमाणपत्र नाही. वर तिने परंपरेने आलेली पद्धत मोडली. खुर्चीवर बसून योग होत नसतो. उद्या कुणाला काही झाले तर जबाबदार कोण?" विहार समितीत लगेच दोन तट पडले. एक म्हणे वर्ग बंद करा. दुसरा म्हणे, आपली एक पोरगी पुढे आली की लगेच लोकांना कागद आठवतो. मुलगी मान खाली घालून उभी होती.

समितीच्या हिशेबाची वही आमच्याकडे असते, म्हणून मत आम्हालाही विचारले गेले. आम्ही पडलो कारकून. ज्या कागदावर शिक्का नाही ती फाईल पुढे सरकवायची नाही, ही आमची वीस वर्षांची सवय. शिवाय कागदाची किंमत आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. धर्मांतर १९५६ साली झाले, पण केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलतीत धरले ते १९९० साली. मधली चौतीस वर्षे एका कागदासाठी किती जणांची नोकरी हुकली असेल! आजही जातपडताळणीच्या दाखल्यासाठी आपली मुले खेटे घालतात. तेव्हा कागद म्हणजे काहीच नाही, असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

तरीही गुरुजींच्या दोन्ही आक्षेपांचा नीट विचार केल्याशिवाय मत द्यायचे नाही, असे आम्ही ठरविले. पंधरा दिवस मागून घेतले आणि मिळेल ते वाचून काढले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

परंपरा म्हणजे नेमकी कोणती?

पहिला आक्षेप पद्धत बदलल्याचा. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाविषयी इतकेच सांगितले आहे की बैठक स्थिर आणि सुखाची असावी. पुढे हठयोगप्रदीपिका या ग्रंथात १५ आसनांचे वर्णन आले. त्यानंतरच्या घेरंडसंहितेत ती ३२ झाली. आणि १९६६ साली पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक निघाले, त्यात २०० आसने आहेत. पंधराची दोनशे झाली ती कुणीतरी भर घातली, बदल केला म्हणूनच ना?

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हठयोगाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पोथी म्हणून 'अमृतसिद्धी' ओळखली जाते. ती अकराव्या शतकातली. जेम्स मॅलिन्सन या इंग्रज अभ्यासकाने दाखविले आहे की ती बौद्ध तांत्रिक साधकांच्या वर्तुळात तयार झाली. त्यानंतरच्या दत्तात्रेययोगशास्त्र या ग्रंथात, अभ्यासाने ज्यांना यश मिळते त्यांच्या यादीत ब्राह्मण आणि श्रमण यांच्याबरोबर बौद्धही आहे. तेव्हा योग ही अमुकांचीच मिरास, असे म्हणणाऱ्याने आधी जुन्या पोथ्या पाहाव्यात. आणि योग आपला नव्हेच, असे म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनीही पाहाव्यात.

सूर्यनमस्काराचे घ्या. आज तो योगाचा कणा मानला जातो. पण शाळाशाळांतून त्याचा प्रसार झाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, साताऱ्याकडच्या औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या खटपटीने. त्याच काळात, १९२४ साली, स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते ते क्ष-किरण व मोजमापाची यंत्रे लावून तपासायला सुरुवात केली. जुने म्हणून खरे धरायचे नाही, तपासून घ्यायचे, ही त्यांची रीत. म्हणजे ज्याला आज परंपरा म्हणतात तिचा बराचसा भाग आपल्या आजोबा-पणजोबांच्या हयातीत घडलेला आहे.

आणि खुर्ची? खुर्चीवरचा योग कुणी रूढ केला, तर त्याच अय्यंगारांनी. त्यांची हकिकत या वादात फार उपयोगाची आहे. त्यांचा जन्म १९१८ सालचा, कर्नाटकातल्या बेल्लूर गावचा. तेरा भावंडांतले ते अकरावे. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय अशी दुखणी काढलेला हा मुलगा १९३४ साली म्हैसूरला बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे गेला. तिथे दोन-तीन वर्षे शिकला, तोच १९३७ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शिकवायला मेहुण्यांनी त्याला धाडून दिले. बोलावणे होते सहा महिन्यांचे. वय अठरा, मॅट्रिक नापास, मराठी येत नाही. प्रमाणपत्र कसले आणि परीक्षा कुणाची!

पण या माणसाने एक केले. समोरच्या माणसाचे शरीर जसे आहे तसे पाहिले. आजारी, म्हातारे, पाठ धरलेले लोक आले तेव्हा त्यांना भिंतीला टेकविले, दोराला धरविले, विटा-पट्टे दिले, खुर्चीवर बसविले. पुढे काहींनी त्याला 'फर्निचरचा योग' म्हणून हिणविले. आज मात्र त्याच विटा, पट्टे आणि खुर्च्या जगभरच्या योगवर्गांत दिसतात. अय्यंगारांना २०१४ साली पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचे निधन झाले.

तेव्हा खुर्चीवर योग होत नाही, हा गुरुजींचा आक्षेप आम्ही तिथेच खोडला. आमच्या मुलीने अय्यंगारांचे पुस्तक पाहिले नव्हते. गुडघे पाहिले होते. दोघेही एकाच वाटेने खुर्चीपर्यंत आले.

मग कागद कशाला?

इथे थांबलो असतो तर काम सोपे होते. 'ज्ञान मोठे, कागद छोटा' असे म्हणून मोकळे झालो असतो. पण अय्यंगारांचीच पुढची हकिकत आम्हाला अडवून धरते.

त्यांचे नाव झाल्यावर त्यांच्या पद्धतीने शिकवतो असे सांगणारे देशोदेशी निघाले. तेव्हा याच बिनप्रमाणपत्राच्या माणसाने शिक्षकांसाठी कडक परीक्षा लावल्या. आधी काही वर्षे शिकायचे, मग हाताखाली शिकवायचे, मग परीक्षा, आणि त्याही पायरीपायरीने. आमच्या नावाने शिकवाल तर त्यात दुसऱ्या पद्धतीची भेसळ करायची नाही, असा दंडक घातला. ज्याने स्वतः कागदाविना बदल केले त्याने दुसऱ्याला कागदाविना बदल करू नये म्हणावे, हे वरवर पाहता विसंगत वाटते. पण शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर विसंगत नाही. खुर्ची लावण्यामागे त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. एखाद्याने महिनाभर शिकून, कारण न समजता, दुसऱ्याची मान वाकविली तर मान त्या दुसऱ्याची मोडते.

सरकारी कागद तर अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेत 'योगा अलायन्स' नावाची संस्था १९९९ साली निघाली आणि तिच्या दोनशे तासांच्या शिक्षणक्रमाचा बोलबाला जगभर झाला. आपल्याकडे २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये मान्य केला आणि पहिला योग दिन २०१५ साली झाला. त्याच वर्षी योगशिक्षकांच्या ऐच्छिक प्रमाणीकरणाची योजना आली. पुढे २०१८ साली आयुष मंत्रालयाने योग प्रमाणन मंडळ स्थापन केले. लेखी आणि प्रात्यक्षिक अशी परीक्षा असते, पायऱ्या ठरलेल्या असतात. पण ही परीक्षा ऐच्छिक आहे. म्हणजे परीक्षा न दिलेल्या माणसाने शिकविले म्हणून तो गुन्हेगार होत नाही.

सरकारनेही बदल केलाच. २०१५ च्या पहिल्या योग दिनाच्या कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले होते, कारण काही समाजांची त्याला हरकत होती. पुढे ओंकाराचीही सक्ती नाही असा खुलासा झाला. तेव्हा आमच्या मुलीने मंत्राऐवजी आकडे मोजले, यात आभाळ कोसळण्यासारखे काय? गुडघा मंत्राने वाकत नाही आणि आकड्यानेही वाकत नाही. तो सरावाने वाकतो.

आपल्या नांदेडला २०१९ च्या योग दिनाचा राज्याचा मुख्य कार्यक्रम झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि रामदेवबाबा आले होते. हजारोंनी एका वेळी आसने केली. समारंभ म्हणून ते ठीक. पण हजारोंच्या मैदानात तिसऱ्या रांगेतल्या बाईला रक्तदाब आहे की नाही, हे मंचावरच्या माणसाला कसे कळणार? शिकवणे आणि दाखवणे यांत हाच फरक आहे.

कागदही नाही, बदलही नाही

आपल्या घरोघरी विपश्यनेचे नाव माहीत आहे, म्हणून तेही उदाहरण घेऊ. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ साली साधना शिकली, १९६९ साली भारतात येऊन पहिले शिबिर मुंबईला घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. त्यांचा मार्ग अय्यंगारांच्या उलट. पद्धतीत काडीचाही बदल नाही. सर्व ठिकाणी सूचना त्यांच्याच आवाजातल्या ध्वनिफितींवरून. सहायक आचार्य नेमलेले असतात, ते आपल्या मनाचे काही घालीत नाहीत. दहा दिवस राहून शिकले म्हणून शिकणाऱ्याला शिकविण्याचा परवाना मिळत नाही. फी नाही; शिबिर पूर्ण करणाऱ्यानेच पुढच्यांसाठी दान द्यायचे.

आमच्यासारख्याला यात आनंदाची एक बाब आहे. ऊ बा खिन हे भिक्खू नव्हते. ते रंगूनच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्या १९४८ साली अकाउंटंट जनरल झाले. त्यांचे गुरू सया थेतजी हे शेतकरी. त्यांना शिकविणारे लेडी सयाडॉ यांनी विपश्यना विहाराबाहेर काढून संसारी माणसांपर्यंत नेली. आज ज्या पद्धतीत बदल करायचा नाही म्हणतात, ती आपल्या घरापर्यंत आली तीही अशा एका मोठ्या बदलामुळेच.

आणि सर्वांत मोठे उदाहरण तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. सिद्धार्थ गौतम आलार कालामाकडे गेले, त्याची ध्यानाची पद्धत पूर्ण शिकले. मग उद्दक रामपुत्ताकडे गेले, तीही शिकले. दोघांनीही त्यांना आपल्या बरोबरीची, आचार्याची जागा देऊ केली. म्हणजे प्रमाणपत्र चालून आले होते. पण दुःखाचा प्रश्न सुटला नाही म्हणून ते निघाले. यातून 'कागद नको' एवढाच अर्थ काढणाऱ्याने एक लक्षात घ्यावे : ते शिकायच्या आधी निघाले नाहीत. दोन्ही पद्धती पूर्ण शिकून, त्या कुठे कमी पडतात हे पाहून निघाले.

दोन चुका

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवती एका फी घेणाऱ्या वर्गाला जात होत्या. भिंतीवर प्रमाणपत्रांच्या चार चौकटी. पण कुणाला रक्तदाब आहे का, मानेचे दुखणे आहे का, हे एका शब्दाने विचारले नाही. तिसऱ्याच दिवशी सर्वांगासन करविले. मान आखडली, तीन आठवडे गळ्यात पट्टा घालून काढले. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "वहिनींचा सराव कमी पडला."

आमच्या मुलीच्या हातूनही एक चूक झाली, तीही लपवीत नाही. एक नवी सून वर्गाला आली. तिचे सिझेरियन होऊन तीन महिनेही झाले नव्हते. तिने सांगितले नाही आणि हिने विचारले नाही. कपालभातीचे झटके दिल्यावर तिच्या टाक्यांत कळ आली. दुसऱ्या दिवशी ही मुलगी स्वतः तिच्या घरी गेली, तिला घेऊन दवाखान्यात गेली, आणि परत येऊन वर्गासमोर म्हणाली, "मला हे माहीत नव्हतं. मी विचारायला पाहिजे होतं." त्या दिवसापासून तिच्याकडे दोनशे पानी वही आहे. प्रत्येकीचे वय, ऑपरेशन, चालू गोळ्या, दुखणे, सगळे तिच्यात.

पहिल्या ठिकाणी कागद होता आणि विचारपूस नव्हती. दुसऱ्या ठिकाणी विचारपूस आली, पण चूक झाल्यावर. तिला कुणी नीट शिक्षणक्रम शिकविला असता तर ती चूक आधीच टळली असती. कागदाची खरी किंमत इथे आहे : त्याच्यामागे शिकवण असेल तर. शिकवण नसेल तर ती नुसती चौकट.

वर्गाला जाण्यापूर्वी

माता-भगिनींनी आणि लातूर-नांदेडला क्लासच्या खोल्यांत दिवसदिवस बसणाऱ्या मुलांच्या पालकांनी शिक्षकाला पाच गोष्टी विचाराव्यात. तुम्ही कुणाकडे आणि किती काळ शिकलात? माझे दुखणे, ऑपरेशन, गोळ्या तुम्ही विचारून लिहून घेणार का? नेहमीच्या पद्धतीत काही बदलत असाल तर का बदलता? मला जमले नाही, दुखले, तर दुसरे काय देणार? आणि काही झाले तर मी कुणाकडे यायचे? उत्तर न देता रागावणाऱ्याच्या वर्गाला जाऊ नये, मग भिंतीवर किती का चौकटी असेनात.

काही गोष्टी पाठच करून ठेवाव्यात. रक्तदाब जास्त असेल, काचबिंदू असेल, मानेच्या मणक्याचे दुखणे असेल तर शीर्षासन, सर्वांगासन करू नये. गरोदरपणात, हर्निया असताना, पोटाचे ऑपरेशन नुकतेच झालेले असताना कपालभाती, भस्रिका यांसारखे जोराचे श्वास करू नयेत. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असेल तरी नकोत. आसनात कळ आली की थांबावे, सहन करू नये. आणि "योग सुरू केला, आता साखरेची गोळी बंद करा," असे डॉक्टर नसलेला कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पंधरा दिवसांनी समिती बसली. आम्ही आमचे म्हणणे मांडले. ठराव असा झाला : वर्ग चालू राहील. खुर्च्या राहतील, आकडेही राहतील. उलटी आसने आणि जोराचे श्वास मुलगी नीट शिकून येईपर्यंत बंद. योग प्रमाणन मंडळाची परीक्षा तिने द्यावी, पुस्तकांचा आणि फीचा खर्च विहाराच्या वर्गणीतून. गुरुजींना विनंती करावी की महिन्यातून एकदा येऊन त्यांनी वर्ग पाहावा.

गुरुजी येतील असे आम्हाला वाटले नव्हते. पण पहिल्याच रविवारी पहाटे ते हजर. कोपऱ्यात बसून तासभर पाहिले. शेवटी उठले आणि एका मावशीची खुर्ची उचलून भिंतीला टेकवून ठेवली. "प्लास्टिकची आहे, फरशीवर सरकते. मधोमध ठेवू नकोस, बेटा," एवढेच म्हणाले. मुलीने लगेच सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून घेतल्या. आजवर ही गोष्ट ना तिच्या लक्षात आली होती, ना आमच्या.

चहा पिताना गुरुजी आम्हाला म्हणाले, "परीक्षेचं मात्र सोडू नका." आम्ही म्हणालो, "नाही सोडत." परीक्षेचा अर्ज आम्हीच बसून भरला. कारकुनाचा तेवढा तरी उपयोग.